धर्मावर बोलताना नेमकं बिघडतं कुठे?

शांतारस

धर्मांमधल्या फरकांवर चर्चा पेटली की शेवटी कुणीतरी म्हणतं, ‘अहो, जरा सहानुभूती ठेवा.’ सल्ला चांगला आहे, पण उपयोग शून्य. सहानुभूती ठेवायची म्हणजे कुठला शब्द गाळायचा, कुठे थांबायचं, आक्षेप कसा मांडायचा, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. भावनेची बाजू थोडी बाजूला ठेवून कारागिरीवर बोलू या.

एक वाक्य घेतो. कुठल्याही दोन धर्मांच्या माणसांत ते ऐकू येतं, आणि आस्तिक-नास्तिकांतही:

‘तुम्ही लोक श्रद्धेच्या नावाखाली काहीही मानता.’

सहा शब्द आणि तीन सुरुंग. ‘तुम्ही लोक’ म्हटल्याबरोबर समोरचा एकटा माणूस जमावाचा वकील होतो. ज्यांना तो ओळखतही नाही त्यांच्या वागण्याचा जाब आता त्याने द्यायचा. ‘नावाखाली’ हा हेतूवरचा आरोप: श्रद्धा खरी नाहीच, ती आडोसा आहे. आणि ‘काहीही’ म्हणजे तुमचं म्हणणं समजून घ्यायची आम्हाला गरज वाटत नाही. शिवाय यात विचारलेलं काहीच नाही. समोरच्यापुढे दोनच वाटा उरतात, बचाव किंवा उलट हल्ला.

आता शंका विचारून बघा: ‘शेवटच्या दिवशी मेलेली माणसं देहासकट उठतील असं तुमच्याकडे मानतात, असं वाचलंय. तुम्ही स्वतः ते शब्दशः घेता का? घेत असाल तर जळून राख झालेल्या देहाचं काय?’ ही शंका पहिल्या वाक्यापेक्षा जास्त टोकदार आहे. पण तिला उत्तर देता येतं.

जाणकारांनी भर घालावी. ‘सगळे धर्म एकच सांगतात’ छापाचे प्रतिसाद नकोत. ते म्हणजे समोरच्याचं न ऐकण्याचा सभ्य प्रकार.

तर्कटी

शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला एक मोदक जास्त देणार होतो, पण अवांतर नको.

‘वितंडवाद’ हा शब्द आपण रोज वापरतो, मूळ व्याख्या मात्र विसरलो. गौतमाच्या न्यायसूत्रांत बोलण्याचे तीन प्रकार आहेत. वाद म्हणजे दोन्ही बाजू प्रमाणं देतात आणि काय खरं ते शोधतात. जल्प म्हणजे जिंकण्यासाठी बोलणं, त्यात छलही, म्हणजे शब्दांची लबाडीही, चालते. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची पाडणं. धर्मावरच्या बहुतेक चर्चा वितंडेत जाऊन पडतात, कारण दुसऱ्याच्या धर्मातली विसंगती दाखवायला स्वतःचं काही पणाला लावावं लागत नाही.

छलाचेही तीन प्रकार दिलेत, ते इथे जास्त कामाचे.

वाक्छल: शब्दाचा बोलणाऱ्याला नको असलेला अर्थ धरणं. नेहमीचं उदाहरण ‘नवकंबल’चं. बोलणारा म्हणतो नवं कांबळं, ऐकणारा म्हणतो नऊ कुठायत?

सामान्यछल: एखाद्याबद्दल जे म्हटलं ते ताणून सरसकट करणं. एका अनुयायाची वागणूक, मग सगळा धर्म.

उपचारछल: लक्षणेने बोललेलं शब्दशः घेणं. ‘मंच ओरडतायत’ म्हटल्यावर ‘लाकूड कसं ओरडेल?’ धर्मग्रंथांवरच्या टिंगलीतला फार मोठा भाग हा शुद्ध उपचारछल असतो. ईश्वराचा हात, ईश्वराचं सिंहासन, ईश्वराचा क्रोध हे शब्द ती परंपरा कसे वाचते हे न विचारता हसणं.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. त्याच सूत्रांत जल्प आणि वितंडेला एक जागा दिलीय: कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात तशी. म्हणजे स्वसंरक्षणाला. कुंपणालाच शेत समजू नये एवढंच.

मितभाषी

सामान्यछल दोन्ही बाजूंनी चालतो. ‘देव मानत नाही, म्हणजे नीतीही मानत नसणार’ हाही तोच.

परिघ

सरसकटीकरणावर एक हाताशी धरण्यासारखा नियम आहे. क्रिस्टर स्टेंडाल हे लूथरपंथी ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञ, स्टॉकहोमचे बिशप होते. १९८५ मध्ये तिथे मॉर्मन पंथाचं मंदिर होण्याला विरोध होत होता, तेव्हा त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या:

एखादा धर्म समजून घ्यायचा तर तो पाळणाऱ्यांना विचारा, त्याच्या विरोधकांना नाही.

तुमच्यातलं सर्वोत्तम आणि त्यांच्यातलं सर्वांत वाईट अशी तुलना करू नका.

‘पवित्र मत्सरा’ला जागा ठेवा: त्यांच्याकडे असं काय आहे जे आपल्याकडे असतं तर बरं झालं असतं?

दुसरा नियम मराठीत आधीच आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्या धर्माचा ग्रंथ पुढे करायचा आणि त्यांच्या धर्माचा इतिहास. आपले संत, त्यांचे राजे. तुलना करायचीच तर जोड्या सारख्या लावा: ग्रंथाशी ग्रंथ, राजाशी राजा, आजच्या सामान्य माणसाशी आजचा सामान्य माणूस. ही एक दुरुस्ती केली तरी निम्मी भांडणं मुद्द्यावर येतात.

तिसरा नियम सगळ्यात अवघड. लोक चटकन म्हणतात, ‘त्यांची शिस्त आवडते.’ तो मत्सर खरा नाही, ती दुरून दिलेली शाबासकी आहे. मत्सर खरा असेल तर त्यात आपल्यातली उणीव कबूल करावी लागते.

रोखठोक

सगळं वाचलं. हे बरोबरीच्या माणसांसाठी ठीक आहे. ज्याला धर्माच्या नियमाने बाहेर ठेवलं, जिला गप्प बसवलं, त्यांना ‘वाक्य नीट रचा’ म्हणणं हा दुसरा जाच. सौम्य बोलण्याचा आग्रह नेहमी खालच्याकडे धरला जातो, वरचा कसाही बोलतो.

आणि सभ्य चर्चेचा इतिहास तरी काय सांगतो? १२६३ साली बार्सेलोनात आरागॉनचा राजा जैमे पहिला याच्यासमोर ज्यू पंडित नहमानिदेस यांना वादाला बोलावलं. समोर पाब्लो ख्रिस्तियानी, ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेला. विषय: मसीहा, म्हणजे वचन दिलेला तारणहार, येऊन गेला की नाही. नहमानिदेसनी मोकळं बोलायची परवानगी मागितली, राजाने दिली, शेवटी बक्षीसही दिलं. मग त्यांनी आपली बाजू लिहून काढली तर त्यावरून खटला, आणि अखेर देश सोडावा लागला. १२६७ मध्ये ते जेरुसलेमला पोचले. चर्चेचे नियम होते, शिष्टाचार होता. बाहेर पडायचं दार मात्र एकाच बाजूला उघडत होतं. कारागिरीने ते बदललं का?

शांतारस

@रोखठोक, मुद्दा वजनदार आहे. घाईने उत्तर देत नाही.

लेणीवाचक

तोवर एक जुना दाखला. गिरनारचा अशोकाचा बारावा शिलालेख, इसवी सनापूर्वी तिसरं शतक. विषय हाच. त्यात सगळ्या पंथांच्या साराची वाढ व्हावी असं म्हटलंय आणि त्या वाढीचं मूळ एका शब्दात दिलंय: ‘वचिगुती’, वाचेवरचा ताबा.

पुढचा बारकावा बहुतेक लोक वाचत नाहीत. प्रसंग नसताना आपल्या पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नये, आणि प्रसंग असेल तेव्हाही ती ‘लहुका’, हलकी असावी. म्हणजे टीकेला बंदी नाही; तिला वेळ आणि माप दिलंय. कारणही व्यवहारी आहे: आपल्या पंथाच्या प्रेमापोटी जो दुसऱ्याला नावं ठेवतो, तो आपल्याच पंथाला जास्त इजा करतो. मग येतं ‘समवायो एव साधु’, एकमेकांचा धर्म ऐकावा आणि ऐकण्याची इच्छा ठेवावी.

यात पंथासाठी शब्द आहे ‘पासंड’. तिथे तो साधा, बिनविषारी शब्द आहे, स्वतःच्या पंथालाही लावलेला. तोच घसरत घसरत आपला ‘पाखंड’ झाला. सगळ्यांना समान लागू होणारा शब्द फक्त दुसऱ्यासाठी उरला की शिवी होतो.

रोखठोक

आणि याच राजाने तेराव्या लेखात, कलिंगाच्या पश्चात्तापाच्या जोडीलाच, अरण्यात राहणाऱ्यांना आपल्या सामर्थ्याची आठवण करून दिलीय. वचिगुती सगळ्यांसाठी सारखी नव्हती.

लेणीवाचक

खरंय. दोन्ही लेख शेजारी ठेवूनच वाचावेत.

सांधेकरी

वेगवेगळ्या धर्मांच्या लोकांची बैठक कशी लावायची, यावर थोडं. अडचणी नेहमी त्याच त्याच येतात.

माणसं सहा ते आठ. दहाच्या वर गेलं की भाषणं सुरू होतात. वेळ दीड तास. एका धर्माचा एकटाच माणूस कधीही बसवू नका, किमान दोन हवेत. एकटा असला की त्याला सर्वज्ञ प्रवक्ता व्हावं लागतं. दोघं असले की त्यांचं आपसात पटत नाही हे बाकीच्यांना दिसतं. तेवढ्यानेच ‘तुम्ही लोक’ निम्मं गळून पडतं. समोरासमोर दोन रांगा नकोत, मिसळून बसवा.

विषय ‘तुमचा धर्म’ असा नको. एक प्रश्न घ्या, म्हणजे उदाहरणार्थ ‘परक्याशी कसं वागावं’, आणि प्रत्येक परंपरेतला आठ-दहा ओळींचा एक उतारा. १९९० च्या दशकात पीटर ऑक्स, डेव्हिड फोर्ड, डॅनियल हार्डी या अभ्यासकांनी अशी एकत्र ग्रंथवाचनाची पद्धत रुळवली. हिब्रू बायबल, नवा करार आणि कुराण एकाच टेबलावर. यातली युक्ती अशी की सगळ्यांची नजर एकमेकांवर नसून कागदावर असते. आक्षेप ओळीवर घेतला जातो.

पहिली फेरी: प्रत्येकी दोन मिनिटं, ‘हा उतारा आमच्याकडे कसा वाचतात’. उलट प्रश्न नाहीत. दुसऱ्या फेरीत मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५२ च्या एका लेखात सांगितलेली अट: आधीच्या माणसाचं म्हणणं आणि त्यामागची भावना, त्याचं समाधान होईल अशी मांडून दाखवल्याशिवाय आपलं बोलायचं नाही. ऐकायला बाळबोध वाटतं. करून बघितलं की घाम फुटतो.

इथे काय काय फसतं ते सांगतो.

पोपटपंची. त्याचेच शब्द परत म्हटले तर समजलं की नाही हे कळत नाही. स्वतःच्या शब्दांत मांडायला लावा.

तिखटमीठ. ‘म्हणजे तुमचं म्हणणं असं की बाकी सगळे नरकात जाणार.’ तो तसं म्हणालाच नव्हता. तो म्हणाला होता की मोक्षाचा मार्ग एकच आहे असं त्याच्या ग्रंथात आहे आणि इतरांचं काय होतं ते ईश्वरालाच ठाऊक. दुसरं अर्धं गाळलं की पहिल्याचा अर्थ बदलतो. नेमकं हेच गाळलं जातं.

‘पण’. मांडणी संपली की पूर्णविराम द्या, ‘बरोबर?’ विचारा आणि गप्प बसा. ‘पण’ आला की आधीचं सगळं ऐकणाऱ्याच्या कानातून पुसलं जातं. सहा-सात सेकंदांची शांतता चालकाने भरून काढायची नाही. अवघडलेली वाटते, पण दुरुस्ती तिथेच येते.

दोनदा मांडूनही जमलं नाही तर मूळ बोलणाऱ्याला एका वाक्यात लिहून द्यायला सांगा. पुष्कळदा तेव्हा कळतं की त्याच्याच मनात गोंधळ होता.

तिसरी फेरी आक्षेपांची. एका वेळी एकच. ही फेरी गाळायची नाही! भीतीपोटी ती गाळली की बैठक गोड होते आणि लोक पुन्हा येत नाहीत.

तर्कटी

@सांधेकरी, चरकसंहितेत विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार आहेत: संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा. पहिली जोडून घेणारी, दुसरी भांडून. जोडून घेणारी कुणाशी करावी त्याची यादी आहे: जो जाणकार आहे, रागीट नाही, दुसऱ्याचे दोष काढत नाही, जो दुसऱ्याला समजावू शकतो आणि ज्याची स्वतःची समजूत पटते. मग सूचना: हरण्याच्या भीतीने बावरू नये, त्याला हरवलं तर हर्ष मानू नये, आणि चारचौघांत त्याची बढाई मारू नये.

हे शेवटचं सोन्यासारखं आहे. बंद खोलीतलं नीट बोलणं बाहेर आल्यावर ‘कसा गप्प केला’ म्हणून सांगितलं की पुढची बैठक संपलीच.

परिघ

पूर्वपक्षाची, म्हणजे खंडनाआधी विरोधकाचं म्हणणं मांडण्याची, ताकद दाखवणारं एक उदाहरण. मुस्लिम धर्मशास्त्रज्ञ गझालींनी अकराव्या शतकाच्या अखेरीस तत्त्वज्ञांवर कठोर टीका लिहिली. पण त्या तत्त्वज्ञांची मतं काय आहेत हे सांगणारा एक वेगळा ग्रंथही त्यांनी लिहिला. तो लॅटिनमध्ये गेला तेव्हा प्रस्तावनेशिवाय फिरला, आणि युरोपातल्या वाचकांना गझाली हे त्याच मताचे वाटले. विरोधकाचं म्हणणं इतकं नीट मांडलेलं की मांडणाराच त्या पक्षाचा वाटावा.

तालमूद या ज्यू धर्मग्रंथातही आहे: हिलेल आणि शमाई या दोन घराण्यांच्या वादात निर्णय हिलेलच्या बाजूने का, तर ते मृदू होते आणि आपल्या मताआधी शमाईंचं मत सांगत.

मितभाषी

चार्वाकांचं काय मग? त्यांच्याबद्दल जे कळतं ते बहुतांश विरोधकांच्या पूर्वपक्षातून. ‘बरोबर?’ विचारायला चार्वाक हजर नव्हते.

परिघ

हो, हा पूर्वपक्षाचा कच्चा दुवा आहे. गैरहजर माणसाचा पूर्वपक्ष तपासता येत नाही.

नवखी

एक विचारते. दुःखात असलेला माणूस म्हणतो, ‘देवाची मर्जी.’ आपल्याला ते पटत नाही. गप्प बसणं अप्रामाणिक वाटतं. आणि उलटही: ज्याचा विश्वास नाही त्याला भेटायला येणारे ‘ती आता चांगल्या ठिकाणी आहे’ म्हणतात. तेव्हा काय?

सांधेकरी

लेणीवाचकांनी सांगितलेलं ‘प्रसंग नसताना’ इथे लावा. शोकातलं ‘देवाची मर्जी’ हे मत नाही, तो कण्हण्याचा आवाज आहे. त्याला प्रतिवाद लागत नाही आणि होकारही लागत नाही. ‘फार अवघड आहे हे’ एवढं म्हटलं तर तुम्ही खोटं बोलला नाहीत. गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. तिथे दोघांची भूमी एक असते. विश्वास न ठेवणाऱ्याकडे जाणाऱ्यांनीही परलोकाचं आश्वासन आपल्याजवळ ठेवावं, त्याने विचारलं तर सांगावं. प्रश्न त्याचा आला पाहिजे.

रोखठोक

माफीवरही कुणी लिहा. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे ऐकून कान किटले. आणि त्याच ‘भावना दुखावल्या’चा दंडुका करून प्रश्न विचारणाऱ्यालाच बडवतात.

शांतारस

‘असतील तर’ म्हणजे मी काही केलं नाही, तुमची कातडी पातळ. धड माफीत आपलं वाक्य जसंच्या तसं परत सांगावं लागतं, त्यात काय चुकलं ते, आणि आक्षेप शिल्लक असेल तर तोही. ‘मी तुमच्या प्रार्थनेला नाटक म्हटलं. तुम्ही ती कशासाठी करता हे मला ठाऊक नव्हतं, हेतूवर बोलायला नको होतं. स्त्रियांना ती म्हणता येत नाही या नियमाला माझा विरोध आहे आणि तो राहील.’ माफी मागितली म्हणून टीका मागे घ्यावी लागत नाही.

दंडुक्याबद्दल: माणूस, कृती आणि कल्पना ही तीन खाती वेगळी ठेवा. कल्पनेवर कितीही कठोर बोला, कल्पनेला दुखत नाही. कृतीवर बोलताना कुणी, कधी, काय केलं ते नेमकं सांगा. माणसाच्या खात्यात काही टाकायचं नाही. दुखावलो म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं की यातला कुठला शब्द कुठल्या खात्यात गेला. तो शब्द दाखवता आला तर आपण दुरुस्त करू. दाखवता येत नसेल तर त्याला त्रास होतोय हे मान्य, पण प्रश्न मागे घेत नाही.

मितभाषी

खाती वेगळी असतात हे ज्याच्या रोजच्या जगण्याशी ती कल्पना विणलेली आहे त्याला सांगणं सोपं नाही.

शांतारस

मान्य. म्हणून कल्पनेवर बोलतानाही आवाजाला माप हवंच, ‘लहुका’.

रोखठोक

ठीक. सांधेकरींची अट स्वतःला लावून बघतो. शांतारस, तुमचं म्हणणं असं समजलं: धर्मावरच्या चर्चेत दुखापत मतभेदाने होत नाही, वाक्याच्या बांधणीने होते. बांधणी बदलता येते. तसं केलं तर आक्षेप बोथट होत नाही, उलट नेमका होतो. यामागे तुम्हाला काळजी अशी आहे की चांगले आक्षेप वाईट वाक्यांमुळे वाया जातायत. बरोबर?

शांतारस

काळजीचा भाग अगदी बरोबर. एक सुटलं. हा नियम दोघांना सारखा लागू नाही असं माझं म्हणणं आहे. ज्याच्या हातात बाहेर काढायची, खटला भरायची, गप्प बसवायची ताकद आहे, त्याने आधी आणि जास्त पाळायचा. ज्याला जाच झालाय त्याचं पहिलं वाक्य ओबडधोबड आलं तर त्याची मांडणी नीट करून देणं हे ऐकणाऱ्याचं काम. हे मी मूळ लेखात लिहिलं नव्हतं, तुमच्या बार्सेलोनाने लिहायला लावलं.

रोखठोक

म्हणजे बांधणीचा भार ताकदीच्या प्रमाणात. बरोबर?

शांतारस

बरोबर. आता आक्षेप घ्या.

रोखठोक

एकच. कुणाच्या हातात किती ताकद आहे, हे ठरवणार कोण? दोन्ही बाजू स्वतःला दुबळंच म्हणवतात.